रील सगळ्यांनी पाहिली, मांजा कोणी बदलला?

डिसेंबर उजाडला की जुनी शुक्रवारीतील पतंगांची दुकाने सजू लागतात आणि त्याच सुमारास नागपुरातील महाविद्यालयांत, वाचनालयांत व स्वयंसेवी संस्थांत नायलॉन मांजाविरुद्धच्या मोहिमेच्या बैठका सुरू होतात. या बैठकांतील पहिले वाक्य जवळजवळ ठरलेले असते : 'एखादा मोठा इन्फ्लुएन्सर पकडू या.' राष्ट्रीय सेवा योजनेचे काम पाहताना हे वाक्य मी स्वतःही उच्चारले आहे. मोठा चेहरा मिळाला, रील निघाली, ती हजारो जणांनी पाहिली, आणि संक्रांतीच्या दिवशी आमच्याच विद्यार्थ्यांच्या गच्च्यांवर पुन्हा नायलॉनच्या चक्र्या दिसल्या. रील वाईट नव्हती. आम्ही ज्या माणसाकडे जे काम सोपवले होते, ते त्याचे कामच नव्हते. हे मार्गदर्शन त्या चुकीतून तयार झालेले आहे. उदाहरण मांजाचे घेतले असले, तरी रक्तदान, ओला-सुका कचरा, हेल्मेट किंवा उन्हाळ्यातील उष्माघात यांपैकी कोणताही विषय तरुणांपर्यंत नेणाऱ्याला ते वापरता येईल.

आधी कल्पनेची जात ओळखा

कोणाला बोलवायचे हे ठरवण्यापूर्वी एक प्रश्न कागदावर लिहावा : आपण जे पोहोचवू पाहतो, ती माहिती आहे की वागणूक? राष्ट्रीय हरित लवादाने ११ जुलै २०१७ रोजी नायलॉन व तत्सम कृत्रिम मांजावर देशभर बंदी घातली, ही माहिती झाली. ती एकदा कानावर पडली की पुरते, आणि कोणाकडून पडली याला फारसे महत्त्व नसते. उलट अशी बातमी जवळच्या मित्रांपेक्षा तोंडओळखीच्या माणसांकडून अधिक लांबवर जाते, कारण जवळचे मित्र एकाच वर्तुळात फिरत असल्यामुळे त्यांना बहुधा तेच ठाऊक असते जे आपल्याला आधीपासून माहीत असते. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रानोव्हेटर यांनी १९७३ मध्ये मांडलेल्या 'विरळ संबंधांचे बळ' या विचाराचे सार हेच आहे.

वागणुकीचे गणित निराळे आहे. नायलॉन सोडून साधा सुती मांजा घ्यायचा, तर मुलाच्या मनात येणारा पहिला प्रश्न कायद्याचा नसतो, 'माझा पतंग पहिल्या पाच मिनिटांत कापला जाईल' हा असतो. ही भीती खरी आहे. समोरच्या गच्चीवर नायलॉन असेल, तर साध्या मांजाचा पतंग टिकत नाही आणि 'ओ काट' ची आरोळी आपल्या नावाने उठते. म्हणजे हा निर्णय एकट्याने घ्यायचा नसतोच. आपल्या गच्चीने, शेजारच्या गच्चीने आणि मागच्या गल्लीने तो एकाच वेळी घ्यावा लागतो. अशा बाबतीत माणूस एका तोंडून ऐकून बदलत नाही. ओळखीची तीन-चार माणसे तेच करताना दिसली, तर बदलतो. डेमन सेंटोला यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात दीड हजारांहून अधिक लोकांना आंतरजालावरील दोन प्रकारच्या जाळ्यांत विभागले होते. एका जाळ्यात ओळखी दूरवर विखुरलेल्या होत्या, तर दुसऱ्यात शेजारी-शेजारी गुंफलेल्या. आरोग्यविषयक सवय गुंफलेल्या जाळ्यात अधिक वेगाने व अधिक लोकांत पसरली, कारण तिथे एकाच माणसाला अनेक बाजूंनी तीच सूचना मिळत होती.

माहितीसाठी मोठा आवाज आणि वागणुकीसाठी अनेक ओळखीचे आवाज, एवढे ठरले की पुढची निवड बरीच सोपी होते.

ज्यांच्याशी बोलायचे, ते कोण आहेत

'डिजिटल नेटिव्ह' हा शब्द मार्क प्रेन्स्की यांनी २००१ मध्ये रूढ केला. संगणक, खेळ आणि आंतरजाल यांच्या सहवासात जन्मलेली पिढी, असा त्याचा अर्थ. शब्द सोयीचा आहे, पण त्यामुळे सगळी मुले एका साच्यातील आहेत असा समज होतो आणि मोहीम तिथेच फसते. माझ्या एकाच वर्गात घरी वायफाय असलेली धरमपेठेतील मुलगी बसते, आणि काटोलहून एसटीने येणारा, संध्याकाळपर्यंत दिवसाचा डेटा संपवून बसलेला मुलगाही बसतो. पहिली मुलगी दिवसभर रील पाहते. दुसऱ्याला त्यांतील निवडक रील मित्राने व्हॉट्सॲपवर पाठवल्या तरच दिसतात. टिकटॉकवर २९ जून २०२० रोजी बंदी आली, पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने भारतात रील्स आणल्या, आणि लहान शहरांतील कितीतरी चेहरे एका रात्रीत आपले प्रेक्षक गमावून नव्याने उभे राहिले. म्हणून तुमची मुले कुठे असतात याचा अंदाज बांधू नये, त्यांना विचारावे. मी हजेरीच्या वेळी एवढेच विचारतो की काल रात्री झोपण्यापूर्वी शेवटचे काय पाहिले. उत्तरे लिहून ठेवली की आठवडाभरात नकाशा तयार होतो.

कोणता माणूस कोणते काम करतो

सर्वांत वरचा स्तर ताऱ्यांचा. लाखो फॉलोअर्स असलेला नट, खेळाडू किंवा क्रिएटर विषयाला प्रसिद्धी मिळवून देतो. नागपूरकरांना याचे उदाहरण शोधायला लांब जावे लागत नाही. सदर भागात चहाची टपरी चालवणारे डॉली चायवाला यांच्यासोबतचा व्हिडिओ बिल गेट्स यांनी फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध केला आणि जगभर त्याची चर्चा झाली. मात्र दोन गोष्टी नीट पाहण्याजोग्या आहेत. एक म्हणजे, त्यांची चहा ओतण्याची शैली खाद्यपदार्थांच्या व्लॉगरांनी त्याआधीच घराघरांत पोहोचवलेली होती. गेट्स यांनी पेटलेल्या चुलीत मोठे लाकूड घातले, चूल पेटवली नाही. दुसरी म्हणजे, त्या व्हिडिओने नाव पसरले, पण त्यामुळे आपण कोणी घरी तसा चहा ओतू लागलो नाही. तारा नाव पोहोचवतो, सवय पोहोचवत नाही. हे ध्यानात ठेवून त्याला बोलवावे, तेही शेवटी. का, ते पुढे येईल.

त्यानंतर जाणकार. शल्यचिकित्सक, पशुवैद्य, वीज मंडळात हयात काढलेला माणूस. जाणकाराकडून एकच वाक्य घ्यावे, पण ते फक्त त्यालाच सांगता येईल असे असावे. नायलॉन सहजासहजी तुटत नाही, म्हणून धावत्या दुचाकीस्वाराच्या गळ्यावर तो ताणला गेला की दोरा शाबूत राहतो आणि त्वचा कापली जाते. तो कुजतही नसल्यामुळे संक्रांतीनंतर महिनोन् महिने झाडांवर पक्ष्यांची वाट पाहत लटकतो. हे डॉक्टरांनी तीस सेकंदांत सांगितले तर पटते. तेच डॉक्टर पाच मिनिटे संस्कारांवर बोलले, तर अंगठा पुढच्या रीलवर सरकतो. आरोग्य आणि पैसा या विषयांवर सल्ला देणाऱ्या इन्फ्लुएन्सरने आपली पात्रता उघड सांगितली पाहिजे, अशी जाहिरात मानक परिषदेची २०२३ पासूनची अपेक्षा आहे. गुंतवणुकीच्या बाबतीत तर शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीने आपल्याकडे नोंदणी असलेल्या संस्थांवर, नोंदणी नसलेल्या सल्लागारांशी संबंध ठेवण्याबाबत बंधनेच घातली आहेत. तुमच्या मोहिमेतील जाणकाराचे नाव, पदवी आणि तो कुठे काम करतो हे पडद्यावर दिसू द्यावे.

तिसरा प्रकार शहराच्या पानांचा आणि मीम पेजेसचा. ही पाने चालवणारी मुले बहुधा अनाम असतात, आणि अनामिकतेमुळेच त्यांना टिंगल करण्याची मुभा मिळते. मीम म्हणजे नेमके काय, हे समजून घेण्यासाठी नागपूरकराने मारबतीची मिरवणूक आठवावी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी महाल-इतवारीच्या रस्त्यांतून काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे मोठाले पुतळे, निघतात, सोबत बडगे नावाचे पुतळे निघतात, आणि आरोळी एकच असते : 'इडा पीडा घेऊन जा गे मारबत.' साचा एकोणिसाव्या शतकापासून तोच आहे. 'घेऊन जा' च्या आधीची जागा मात्र दरवर्षी रिकामी असते, आणि लोक तिथे महागाई, भ्रष्टाचार, खड्डे असे त्या वर्षीचे दुखणे भरतात. मीमचे तंत्र याहून वेगळे नाही. त्यामुळे मीम पेजला तयार विनोद पाठवू नये (सरकारी कार्यालयात लिहिलेला विनोद लगेच ओळखू येतो), एक रिकामी जागा असलेला साचा पाठवावा आणि भरण्याचे काम त्या मुलांवर सोडावे. आम्ही दिलेली ओळ होती : 'पतंग उडवता येत नाही, म्हणून …' नायलॉन वापरणारा हा मुळात कच्चा खेळाडू आहे, हा आशय मुलांनी आपापल्या शब्दांत इतक्या खवचटपणे भरला की आमच्या घोषवाक्यांची आम्हालाच लाज वाटली.

चौथे आहेत छोटे क्रिएटर. हजार ते दहा हजार फॉलोअर्स असलेल्यांना व्यवसायात 'नॅनो' आणि त्यापुढे लाखापर्यंतच्यांना 'मायक्रो' म्हणण्याची पद्धत आहे. तर्री पोह्याच्या गाड्यांवर, फुटाळ्याच्या काठावर, वसतिगृहाच्या खोलीत कॅमेरा लावणारी ही मुले असतात. पडद्यावरच्या माणसाशी प्रेक्षकाचे एकतर्फी नाते जुळते, हे डोनाल्ड हॉर्टन व रिचर्ड वोल यांनी १९५६ मध्येच रेडिओ आणि दूरचित्रवाणीच्या निवेदकांच्या संदर्भात लिहून ठेवले होते. छोट्या क्रिएटरच्या बाबतीत हे नाते पुरते एकतर्फी राहत नाही. तो कमेंटला उत्तर देतो, कधी कधी मेट्रोच्या सीताबर्डी स्थानकावर प्रत्यक्ष भेटतोही. त्याचा शब्द मित्राच्या शब्दाच्या जवळ जातो. तासन् तास लाइव्ह गेम खेळत बोलणारे स्ट्रीमरही याच गटात मोडतात.

आणि शेवटी, ज्याला एकही फॉलोअर नसतो तो. माझा सगळा भर या माणसावर आहे. आमची ती गाजलेली रील निघाली त्या वर्षी एका विद्यार्थ्याला मी जरा त्रासूनच विचारले होते की व्हिडिओ पाहूनही नायलॉन का आणलास. त्याने अगदी सरळपणे सांगितले, 'सर, व्हिडिओ तं भारीच होता. पण मांजा आम्हाले चक्रीवाला दादाच आणून देते ना. तो म्हणते तेच सगळे घेते.' हा दादा वस्तीतला सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा तरुण, बॉक्स क्रिकेटच्या संघाचा कप्तान, व्हॉट्सॲप ग्रुपचा ॲडमिन, आणि पतंगाच्या दिवसांत सर्वांची चक्री भरून देणारा. इन्स्टाग्रामवर त्याचे खाते आहे, पण कुलूपबंद. इलिहू कॅट्झ आणि पॉल लाझार्सफेल्ड यांनी १९५५ मध्ये दाखवून दिले होते की प्रसारमाध्यमांतील मत थेट प्रत्येकापर्यंत जाण्याऐवजी बरेचदा आधी अशा स्थानिक मतप्रमुखांकडे जाते आणि तेथून इतरांकडे झिरपते. माध्यम बदलले, दादा आहे तिथेच आहे.

दादा कसा शोधायचा

तो आंतरजालावर शोधून सापडत नाही, म्हणून साधी चिठ्ठी वापरावी. प्रत्येक मुलाने नाव न लिहिता एका प्रश्नाचे उत्तर द्यायचे : 'पतंगासाठी मांजा घ्यायचा असेल, तर कोणाला विचाराल? तीन नावे लिहा.' चिठ्ठ्या वस्तीनुसार लावाव्यात. पुन्हा पुन्हा येणारी नावे हीच तुमची यादी. प्रश्न विषयाला धरून असावा. 'तुम्ही कोणाला मानता?' असे विचारले, तर मुले शिवाजी महाराज किंवा आईवडील लिहितात. उत्तर चुकीचे नसते, पण उपयोगाचे नसते.

येथे एक मोह टाळावा. वर्गात पर्यावरणाची आवड असलेला, साधा मांजा आधीपासूनच वापरणारा एखादा मुलगा असतो आणि आपण त्यालाच पुढे करतो. नव्या कल्पना समाजात कशा पसरतात याचा अभ्यास करणारे एव्हरेट रॉजर्स यांच्या १९६२ च्या मांडणीत नवे सर्वप्रथम स्वीकारणारे जेमतेम २.५ टक्के असतात आणि गटाला ते बरेचदा थोडे विक्षिप्त वाटतात. गट ज्यांच्याकडे पाहून हलतो, ते त्यांच्या पाठोपाठ येणाऱ्या १३.५ टक्क्यांत सापडतात. पर्यावरणप्रेमी मुलाला सोबत जरूर घ्यावे, पण त्याला मोहिमेचा चेहरा करू नये.

दादाला भेटायला कार्यालयात बोलवू नये, त्याच्या कट्ट्यावर जावे. त्याला भाषण देऊ नये, प्रश्न विचारावा : 'दोन्ही गच्च्यांनी साधा मांजा घेतला, तर चालेल का?' त्याच्याकडून अटी येतील. काच लावलेला सुती बरेली मांजा चालतो का, समोरचे फसवतील तर काय, आधी घेतलेल्या नायलॉनचे पैसे कोण देणार. या अटींवर बोलणी करणे हेच मोहिमेचे खरे काम आहे. शेवटच्या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते, आणि त्यातूनच कळले की जाग यायला उशीर झाला होता. घरात भरलेली चक्री कोणी फेकत नाही. खरेदी डिसेंबरात होते. संक्रांत १४ जानेवारीला असली, तरी आपली मोहीम नोव्हेंबरअखेरीस कट्ट्यावर पोहोचलेली असावी.

क्रम आणि शब्द

नेहमीचा क्रम वरून खाली असतो : आधी तारा, मग बाकीचे. तो उलटा करावा. आधी पाच-सहा वस्त्यांतील दादांशी बोलणे, मग त्या वस्त्यांतील छोट्या क्रिएटरांनी प्रत्यक्ष गच्चीवर काढलेल्या रील, त्यानंतर मीम पेजेस, आणि सर्वांत शेवटी मोठा चेहरा. असे केल्याने ताऱ्याला उपदेश करावा लागत नाही, त्याच्याकडे सांगण्यासारखी बातमी असते : अमुक वस्त्यांनी यंदा साधा मांजा ठरवला आहे. 'तुम्ही हे करा' यापेक्षा 'हे लोक करत आहेत' हे वाक्य किती दूर जाते, ते एकदा अनुभवावे.

शब्दांबद्दल. आम्ही पहिल्या वर्षी क्रिएटरला पाठवलेला मजकूर असा होता : 'नायलॉन मांजा मानवी जीवितास व पर्यावरणास घातक असून युवकांनी त्याचा त्याग करावा.' वाक्य निर्दोष आहे आणि त्यात कोणीही राहत नाही. पुढच्या वर्षी एका मुलाने आपल्या ग्रुपवर स्वतःच्या मनाने टाकलेला निरोप मी जपून ठेवला आहे : 'यंदा आपल्या गच्चीवर साधा मांजाच चालन. समोरच्यांशी बोललो, ते बी साधाच आणून राह्यले. आता पाहू कोण कापते.' यात बंदीचा उल्लेख नाही, पण प्रतिस्पर्ध्याशी झालेला करार आहे आणि आव्हानही आहे. भीतीचे उत्तर त्याने एका ओळीत दिले. म्हणून क्रिएटरला मजकूर देऊ नये, तीन गोष्टींचे टिपण द्यावे : खरी असलेली एक बाब, मुलांच्या मनातील एक आक्षेप, आणि करायची एक कृती. भाषा, विनोद, पार्श्वसंगीत त्याचे.

व्हॉट्सॲपवर 'सर्वांना फॉरवर्ड करा' असे लिहिण्यात अर्थ नाही. भारतात २०१८ पासून एका वेळी पाचच चॅटमध्ये संदेश पुढे पाठवता येतो, आणि अनेकदा फिरलेला, दुहेरी बाणाचा संदेश २०२० पासून एका वेळी एकाच ठिकाणी जातो. शिवाय दुहेरी बाण दिसला की मुले तो संदेश काकांच्या शुभ सकाळच्या रांगेत बसवतात. वीस सेकंदांचा स्वतःच्या आवाजातील निरोप त्याहून कितीतरी बरा.

जखमांची छायाचित्रे वापरू नयेत. जखमी माणसाची संमती नसते, पाहणारा नजर फिरवतो, आणि काही मुलांना त्यातून मांजाच्या 'ताकदी' चीच जाहिरात दिसते. चोरून विक्री कुठे व कशी चालते हे रीलमध्ये दाखवणे म्हणजे पत्ता सांगणे आहे. ती माहिती पोलिसांना द्यावी.

पैसा आणि उघडपणा

पैसे, भेटवस्तू, फुकट जेवण किंवा प्रायोजकाचा टी-शर्ट दिला असेल, तर ते रीलवर ठळकपणे, ज्या भाषेत रील आहे त्याच भाषेत सांगावे लागते. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत पैशाखेरीजचे लाभही धरले आहेत. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली १० लाखांपर्यंत आणि पुन्हा घडल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. आपल्या मोहिमेत विकण्यासारखे काही नसते, पण साध्या मांजाचा एखादा दुकानदार प्रायोजक म्हणून पुढे आला की ही कलमे लागू होतात. अठरा वर्षांखालील मुले रीलमध्ये असतील, तर पालकांची लेखी संमती घ्यावी.

मोजणी

लाइक मोजू नयेत असे मी म्हणत नाही, पण त्यांवर थांबू नये. रील फॉलोअर नसलेल्यांपर्यंत पोहोचण्यात लाइकपेक्षा ती किती जणांनी दुसऱ्याला पाठवली याला अधिक वजन असते, असे इन्स्टाग्रामचे प्रमुख ॲडम मोसेरी यांनी सांगितलेले आहे. त्यामुळे क्रिएटरकडून 'सेंड' चा आकडा मागून घ्यावा. 

खरी मोजणी गच्चीवर होते. १५ जानेवारीला प्रत्येक वस्तीतील दोन स्वयंसेवकांनी झाडांत, तारांत, रस्त्यावर अडकलेला मांजा गोळा करावा आणि नायलॉन व सुती असे दोन वेगळे गठ्ठे करून वजन घ्यावे. जाळून पाहण्याची गरज नाही. सुती दोरा ओढला की तुटतो, नायलॉन हाताला रुततो, म्हणून हातमोजे घालावेत. त्याच दिवशी वीस-पंचवीस मुलांना एकच प्रश्न विचारावा : 'साध्या मांजाबद्दल पहिल्यांदा कोणाकडून ऐकले, आणि ठरवले कोणाचे पाहून?' आमच्या वहीत पहिल्या रकान्यात रीलचे, पेजचे, क्वचित आमचेही नाव आहे. दुसऱ्या रकान्यात 'समोरच्या गच्चीवाले', 'मोठा भाऊ', 'दादा' आणि एका ठिकाणी 'आई' आहे. ती वही नोव्हेंबरात पुन्हा काढायची, आणि पहिली फेरी दुसऱ्या रकान्यातील लोकांकडे.